रविवारचा अर्धा तास

६ जानेवारी

मा. कार्यक्रमप्रमुख,
दूरचित्रवाणी केंद्र यांस,

विषय : दूरचित्रवाणीवरील शास्त्रीय संगीताची दुर्मिळता

महोदया,

मी आपल्या वाहिनीची एक सामान्य प्रेक्षक आहे. आपले आणि माझे आडनाव एकच आहे, हा या पत्रापुरता योगायोग समजावा.

गेला पंधरवडा मी आपले कार्यक्रम कागद-पेन्सिल घेऊन पाहिले. विद्यापीठाच्या संगीत विभागात सारे आयुष्य परीक्षक म्हणून गेल्यामुळे पुरते ऐकल्याशिवाय गुण द्यायचे नाहीत, ही सवय मला आहे. चार माणसे एका टेबलाभोवती बसून एकमेकांचे वाक्य पुरे होऊ न देण्याच्या कलेत प्रवीण झालेली दिसली. एक बाई रोज दुपारी भांडी न घासता कशी चमकवावीत ते सांगतात. त्यांची भांडी चमकतात, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. लहान मुलांच्या गायनस्पर्धेत एका नऊ वर्षांच्या मुलीला विरहाचे गाणे गायला लावून तिन्ही परीक्षक रडले. मुलगी रडली नाही. त्या मंचावर शहाणी अशी तीच एक.

शास्त्रीय संगीत मला या पंधरवड्यात एकदाच आढळले : भल्या पहाटे, दोन कार्यक्रमांच्या फटीत. गायक आलापातून मान वर काढतो न काढतो तोच त्याच्या छातीवरून हवामानाची पट्टी धावू लागली आणि पाठोपाठ हवामान सांगणाऱ्या बाईच आल्या. आपण शास्त्रीय संगीताला वेळ देत नाही असे मी म्हणणार नाही. आपण त्याला उरलेला वेळ देता.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत दर रविवारी सकाळी आठ वाजता आपल्याकडे अर्धा तास बैठकीचा होता. तो आपल्या कारकिर्दीच्या पहिल्याच वर्षी बंद झाला. त्या वेळी मी एका वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिले होते. ते आपल्या वाचनात आले होते, हे मला ठाऊक आहे. त्यातील एकही शब्द मी आज मागे घेत नाही.

कोणी म्हणेल, रेडिओ आहे, आणि फोनवर तर जगातले सगळे गाणे खिशात येऊन पडले आहे. त्यावर माझे उत्तर असे की गाणे पाहावेही लागते. गायक श्वास कुठे घेतो, सम येण्याआधी तबलजीकडे कसा पाहतो, तान सुटताना हात कुठे जातो, हे विद्यार्थ्याला दिसायला हवे. शिवाय फोनवर माणूस आपल्याला आवडते तेच शोधून ऐकतो. रविवारी आठ वाजता मात्र ज्याला गाण्यातले ओ की ठो कळत नाही, तोही दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून दारात उभा राहायचा. असा एक मनुष्य माझ्या घरातच आहे.

तरी तो अर्धा तास पूर्ववत सुरू करावा, ही विनंती.

आपली,
एक प्रेक्षक

ता.क. आपल्या शहरात थंडी कडाक्याची पडल्याचे आपल्याच बातम्यांत पाहिले. केंद्रातील कर्मचाऱ्यांनी सकाळी गळा झाकल्याशिवाय बाहेर पडू नये. काहींना लहानपणापासून खोकल्याची प्रवृत्ती असते.


११ फेब्रुवारी

मा. कार्यक्रमप्रमुख यांस,

महोदया,

माझ्या पत्राचे उत्तर पोहोचले. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा असून योग्य त्या विभागाकडे पाठविण्यात आला आहे.’ हे छापील वाक्य लिहिणाऱ्याने तो विभाग कोणता हे सांगितले असते, तर मी त्या विभागालाच लिहिले असते.

माझे यजमान, म्हणजे दाढीचा साबण लावून उभे राहणारे ते गृहस्थ, आयुष्यभर जमिनी मोजत हिंडले आणि आता निवृत्तीत मला मोजतात. पाकीट पाहून त्यांनी विचारले,

“आलं का उत्तर, प्रोफेसर?”

“आलं. छापील आहे.”

“सही कुणाची?”

“कुणाचीच नाही.”

“मग बरोबर आहे. ‘एक प्रेक्षक’ म्हणून लिहिणाऱ्याला ‘एक केंद्र’ उत्तर देणार. पोरगी कुणावर गेलीय, सांग?”

या प्रश्नाचे उत्तर देणे मला आवश्यक वाटले नाही.

आजचे पत्र ध्वनीविषयी आहे. गेले काही महिने आपल्या ध्वनिविभागाने सर्वच कार्यक्रमांची पातळी अकारण खाली आणली आहे. निवेदक तोंडात सुपारी धरल्यासारखे बोलतात. ‘स’ आणि ‘श’ तर त्यांच्या उच्चारांतून हद्दपारच झाले आहेत. परिणामी मला आवाज वाढवावा लागतो. त्यावरून खालच्या मजल्यावरचे भूगोलाचे शिक्षक परवा वर आले होते. दार ठोठावून त्यांचे हात दुखले म्हणे. आमच्या दाराची नवी बेल निकृष्ट आहे, ती वाजतच नाही, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी ती माझ्यासमोर दाबली आणि माझ्याकडे विचित्र नजरेने पाहत राहिले. ज्या माणसाच्या कानावर शेवटचे संगीत शाळेच्या घंटेचे पडले, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

शिकवणीही मी थांबवली आहे. आजच्या मुली गातात की स्वतःशी कुरकुरतात, तेच समजत नाही. तोंड उघडत नाहीत. माझ्या घरात तोंड न उघडता गाणारी एकच मुलगी मी खपवून घेतली, आणि तिलाही रोज टोकल्याशिवाय राहिले नाही : ‘खाली उतरतेस. पुन्हा. खाली उतरतेस.’ सूर खाली उतरलेला मला कधीच सहन झालेला नाही, मग तो कोणाचाही असो.

अर्धा तास पूर्ववत सुरू करताना, आणि तो आपण कराल असे मी गृहीत धरते, चित्रीकरणाबाबत पुढील गोष्टी पाळाव्यात. गाणाऱ्याच्या तोंडावरून कॅमेरा हलवू नये. श्रोत्यांतील डुलणाऱ्या माना दाखवू नयेत. डुलणे ही साथ नव्हे. फुलदाणी दाखवू नये. तबल्याची बोटे दिसावीत. मागे तंबोरा असतो, तो शोभेसाठी नव्हे, सगळे गाणे त्याच्या आधाराने उभे असते. तेव्हा त्याच्या चारही तारा आणि त्या छेडणारा हात स्पष्ट दिसेल अशी जागा एका कॅमेऱ्याला कायमची द्यावी.

आपली,
एक प्रेक्षक

ता.क. खोकल्याविषयी आपण काही कळवले नाही. म्हणजे केंद्राने.


२० मार्च

मा. कार्यक्रमप्रमुख यांस,

महोदया,

आज मी अभिनंदन करण्यासाठी लिहीत आहे. ही गोष्ट आपण जपून ठेवावी. माझ्या विद्यार्थिनींपैकी बहुतेकींना अशी संधी मिळालेली नाही.

केंद्राच्या वर्धापनदिनानिमित्त परवा आपण जुन्या संग्रहातून माईंची बैठक पुन्हा दाखवली. माई म्हणजे माझ्या गुरू. ज्यांच्यासमोर मी पहिली दोन वर्षे फक्त एकच सूर लावत बसले आणि तिसऱ्या वर्षी ‘आता जरा बरा लागतो’ एवढे ऐकून घरी जाताना रस्ता चुकले, त्या माई. त्यांना पडद्यावर पाहून मी उठून उभी राहिले. यजमान म्हणाले, “अगं, बस. त्यांना तू दिसत नाहीस.” तरी मी बसले नाही.

प्रक्षेपण निर्दोष होते. एक एक गोष्ट सांगते. सुरुवातीचा षड्ज लावताना माई डोळे मिटतात आणि उजवा तळवा गुडघ्यावर उलटा ठेवतात, जणू कोणी त्यावर काही ठेवणार आहे. कॅमेरा तिथून हलला नाही. मध्ये तबलजी जरा पुढे पळतो आणि माई त्याच्याकडे न पाहता नुसती करंगळी उचलतात, तेही दिसले. शेवटच्या तानेला पदर खांद्यावरून सरकतो आणि त्या तो तसाच राहू देतात. ध्वनीही शुद्ध, माईंचा आवाज जसा होता तसाच्या तसा : रुंद, खालून भरून येणारा. ज्याने कोणी हे काम केले, त्याच्या कानांना माझे पूर्ण गुण.

माईंच्या डाव्या हाताला मागे तंबोऱ्यावर एक तरुण बाई बसलेली आहे. तिने तंबोरा नेहमीपेक्षा थोडा लांब धरला आहे, हे जाणत्यांच्या लक्षात आले असेल. तिला सातवा महिना होता. तंबोऱ्याचा भोपळा पोटाला लागायचा आणि तार छेडली की आतून कोणीतरी लाथ मारायचे. तेव्हा त्या चित्रणात तूही आहेस. निवड तू केलीस की आणखी कोणी, हे मला माहीत नाही. पण तूच केलीस, असे मी समजून चालते.

क्षमा करावी. आपण, असे लिहायचे होते. पूर्ण पत्र पुन्हा लिहिण्याची माझी रीत आहे, परंतु टपालाची वेळ झाली आहे.

आपली,
एक प्रेक्षक


२७ मार्च

आई,

हे केंद्राचं पत्र नाही, माझं आहे. साध्या कागदावर आहे, बघ.

तुझी पत्रं मला पहिल्या दिवसापासून मिळतायत. ते छापील उत्तर आमच्या प्रेक्षक विभागाने परस्पर पाठवलं. मी स्वतः लिहिलं नाही, कारण दर वेळी कागद घेऊन बसले की वाटायचं, तू लाल पेन्सिलीने परत पाठवशील.

एक गोष्ट आधी सांगते. रविवारचा कार्यक्रम मी बंद केला नाही. तो वाचवायला मी तीन मीटिंगा भांडले आणि हरले. वर बसलेल्यांनी आकड्यांचा तक्ता टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “ताई, हे चौदा हजार लोक आम्हाला घरी जेवायला बोलावतील, पण जाहिरात देणार नाहीत.” सगळे हसले. मीही हसले, त्याचीच लाज वाटते. तुला सांगितलं नाही, कारण हरून आलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते तुला येत नाही. मग पेपरात तुझं पत्र आलं. तू फोन करू शकली असतीस, आई. एक फोन. नंतर मीच दोनदा केला. दोन्ही वेळा मी इतकं काही बोलले, आणि तू फक्त ‘ठीक आहे’ म्हणालीस आणि ठेवून दिलास. दुसऱ्यांदा तर मी रडत होते. तुला त्यावरही ‘ठीक आहे’च म्हणावंसं वाटलं. मग मी फोन करायचं सोडलं.

आता खरी गोष्ट. माईंच्या बैठकीची ती टेप आमच्याकडे नव्या मशिनवर चढवताना वेग चुकला. चित्र ठीक राहिलं, आवाज मात्र मूळ वेगापेक्षा जलद गेला. सगळं गाणं जवळजवळ दोन स्वरांनी वर चढलं. माई शाळेतल्या मुलीसारख्या ऐकू येत होत्या, पातळ, नाकात. तबला टिकटिकत होता. दहा मिनिटांत आमचे फोन भरून गेले. ज्यांना गाणं कळत नाही असे लोकसुद्धा विचारत होते, बाईंना काय झालंय म्हणून. पेपरात चौकटही आली. आमच्या ध्वनिविभागातल्या माणसाने कपाळाला हात लावला. मी त्याला म्हटलं, थांब, अजून काहीच नाही, माझ्या आईचं पत्र यायचंय.

मी तुझ्या शिव्या खायची तयारी ठेवली होती. खरं सांगू, मी त्यांची वाट बघत होते.

आणि तुझं पत्र आलं. ‘प्रक्षेपण निर्दोष होते.’ ‘ध्वनी शुद्ध.’ मी ते तीनदा वाचलं. मग आधीची दोन काढून वाचली. बेल. भूगोलाचे सर. तोंडात सुपारी.

कधीपासून, आई?

बाबांना विचारलेलं नाही. तुलाच विचारतेय.

तुझी,
टिटवी


३ एप्रिल

मा. कार्यक्रमप्रमुख यांस,

आपले पत्र मिळाले. त्यातून काढलेला निष्कर्ष घाईचा आहे. वेगातील दोष माझ्या तत्काळ ध्यानात आला होता. वर्धापनदिनाच्या प्रसंगी कर्मचाऱ्यांचा हिरमोड होऊ नये, या सौजन्यापोटी मी त्याचा उल्लेख टाळला. उल्लेख टाळणे म्हणजे न कळणे नव्हे.

टोपणनावाने पत्रव्यवहार करण्याची पद्धत केंद्रात असेल असे वाटले नव्हते.

एक प्रेक्षक


१० एप्रिल

टिटवे,

मागचे पत्र तुला मिळाले असेल. ते वाचून तू हसली असशील, अशी आशा आहे. मी आयुष्यात सौजन्यापोटी कोणाची चूक सोडली, यावर तुझा विश्वास बसणार नाही, हे पाकीट चिकटवतानाच कळत होते. तरीही चिकटवले.

चार वर्षे झाली. आधी पक्षी गेले. मला वाटले, मागच्या मैदानात इमारत उभी राहिली म्हणून गेले. मग कुकरची शिट्टी, मग बेल, मग वर्गातल्या मुलींचे तार सप्तकातले स्वर. एका परीक्षेत मी एका मुलीला वरच्या स्वरासाठी नापास केले. बाहेर आल्यावर दुसरे परीक्षक म्हणाले, “बाई, तिचा तो स्वर तर इतका सुंदर लागला होता.” मी म्हटले, “आपापला कान.” त्या मुलीला पुन्हा बोलावून पास करवले आणि त्याच आठवड्यात परीक्षक म्हणून काम करणे सोडले. प्रकृतीचे कारण दिले. ते खरेही होते.

कानाच्या डॉक्टरांकडे एक काचेची खोली आहे. आत बसवतात, कानांवर जाड कवच चढवतात, हातात बटण देतात. आवाज आला की दाबायचे. मी पाठ ताठ करून बसले, जन्मभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतलेली बाई. खर्जातले दोन-चार आवाज आले, मग बराच वेळ काहीच होईना, तेव्हा मी काचेतून तपासणाऱ्या मुलीला खूण केली की पुढचे सुरू करा. ती म्हणाली, म्हणजे तिचे ओठ हलले, “झालं की, मॅडम. संपलं.”

यंत्र आणले आहे. कानात घातले की तुझे बाबा पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखे ऐकू येतात, ते एक वेळ चालेल; परंतु तंबोराही डब्यासारखाच वाजतो. तंबोऱ्याचे असे झाल्यावर मी ते काढून खणात ठेवले.

आता माईंची बैठक. मी तुला खोटे लिहिले नव्हते. मी ती ऐकली. शब्दन् शब्द, स्वरन् स्वर, त्यांच्या त्याच रुंद आवाजात. तुझे पत्र आल्यावर मी त्याचा विचार केला. त्या दिवशी तंबोऱ्यावर मीच होते, ती बैठक मला सगळी पाठ आहे. पडद्यावर त्यांचे ओठ हलले आणि गाणे माझ्या आतून सुरू झाले. केंद्राने टेप उलटी लावली असती, तरी मी शुद्धच ऐकले असते. माझ्याकडे जे आधीपासून आहे, ते ऐकायला मला कान लागत नाहीत. अडचण आहे ती नव्याची. जी मुले आज गाताहेत, त्यांचे माझ्याकडे काहीच नाही. बैठकीला जाऊन मागे बसले तर नुसती गर्दी दिसते, पुढे बसले तर लोक माझ्या चेहऱ्याकडे पाहून काय दाद द्यायची ते ठरवतात. पडद्यावर मात्र तोंड जवळून दिसते. गळ्याची शीर दिसते. तबल्याची बोटे आणि तंबोऱ्याचा हात दिसला की लय कळते, स्वर कुठून कुठे गेला त्याचा अंदाज येतो. इतके मिळाले तर उरलेले मी भरून घेईन. तेवढी माझी विद्या आहे. म्हणून तो अर्धा तास हवा होता. विद्यार्थ्यांसाठी वगैरे जे लिहिले, ते चूक नाही, पण ते कारण नव्हते.

फोनचेही सांगते. तू बोलत होतीस ते मला कळत नव्हते. एक बारीक, दूरचा आवाज, आणि त्यात शब्द नव्हते. तू रडत होतीस, हे मला तुझ्या पत्रातून समजले. ‘मला ऐकू येत नाही’ या चार शब्दांऐवजी ‘ठीक आहे’ हे दोनच पुरतात, आणि ते अभिमानी बाईच्या तोंडी शोभतात. तू मला गर्विष्ठ समजावेस, हे मला चालणार होते.

वर्तमानपत्रातील पत्राचा मी पुनर्विचार केला आहे. मुद्दे सर्व योग्य आहेत. एक विशेषण मात्र आज वापरले नसते. ‘बहिऱ्यांच्या हाती’ असे मी लिहिले होते.

आणि तू हरून आलीस, तर हरून आलेल्याशी कसे बोलायचे ते मला येत नाही, हे खरे आहे. परंतु जिंकून आलेल्याशीही मी फारसे गोड बोलल्याचे स्मरत नाही. तेव्हा तू यायला हरकत नव्हती.

माझ्याकडे तुझा आवाज तीन वर्षांपूर्वीचा आहे. तो मला पाठ आहे. मला त्याच्यावर भागवायचे नाही.

आई

(बाजूच्या मोकळ्या जागेत, पेन्सिलीने)

टिटवे, पत्र टाकायला मला दिलंय म्हणून चार ओळी. पाकीट उघडंच होतं, म्हणजे मी वाचावं अशी योजना असावी. मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे, पण तिने शपथ घातली होती. हल्ली हिला काही सांगायचं असलं की मी समोर जाऊन उभा राहतो. चाळीस वर्षांत माझ्याकडे इतकं नीट बघितलं नव्हतं बाईसाहेबांनी, तेव्हा माझी काही तक्रार नाही. परवा मी तिच्या पाठीमागे उभा राहून, वरच्या पट्टीत, गाणं म्हटलं. पूर्ण. कुणी टोकलं नाही. मला मुळीच मजा आली नाही. — बाबा


२२ मे

आई,

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता टीव्ही लाव. आवाज बंद ठेवलास तरी चालेल.

चारच रविवार मिळालेत. पुढचं पुढे. चौदा हजारांचे पंधरा हजार झाले तर पाचव्याचं बघू, म्हणतात.

टिटवी


२८ मे

टिटवे,

रविवारी सकाळी आठाला पाच मिनिटे असताना मी पडद्यासमोर बसले. यजमानांनी दाढीचा साबण लावला आणि दारात येऊन उभे राहिले. “साबण कशाला? आज दाढी तर मघाशीच केलीत,” मी म्हटले. ते माझ्यासमोर आले आणि सावकाश, एकेक अक्षर सुटे करून म्हणाले, “रीत म्हणजे रीत.”

भूगोलाचे शिक्षकही आले होते. त्यांना मीच बोलावले होते. आवाज किती ठेवायचा हे त्यांनी ठरवावे, म्हणजे नंतर कटकट नको. ते अर्धा तास जागेवरून हलले नाहीत. उठताना त्यांनी काही म्हटले; मी यजमानांकडे पाहिले. “ते विचारतायत, पुढच्या रविवारी येऊ का.” पंधरा हजारांतला एक तू आपल्या तक्त्यात मांडून घे.

आता कार्यक्रम. निवेदिका तीन वाक्ये जास्त बोलली. गाणारा मुलगा तयार आहे, पण तान घेण्यापूर्वी भुवया उचलतो. तान येणार आहे हे श्रोत्याला आधी सांगू नये. फुलदाणी नव्हती. डुलणाऱ्या माना नव्हत्या. कॅमेरा त्याच्या तोंडावर इतका वेळ थांबला की दुसऱ्या कोणत्याही वाहिनीवर त्या कॅमेरावाल्याला झोप लागली असे समजले असते. मला त्याचा स्वर सापडत गेला. सगळा नाही. मध्ये एकदा तो वर गेला आणि मला काहीच दिसेना, तेव्हा मी तबल्याच्या बोटांवरून त्याची वाट पाहिली, आणि समेवर तो नेमका जिथे यायला हवा तिथे आला. माझ्या डोळ्यांत पाणी आले. यजमानांनी ते पाहिले आणि शिक्षकांना खिडकीबाहेरचे काहीतरी दाखवले.

आणि दुसरा कॅमेरा. मी लिहिले होते तसाच, चारही तारा आणि त्या छेडणारा हात, बाकी काही नाही. ना चेहरा, ना खांदा. पहिली तार मधल्या बोटाने, उरलेल्या तीन तर्जनीने. चौथी, खर्जाची तार छेडल्यावर तो हात क्षणभर थांबतो आणि मग पुन्हा पहिलीकडे जातो. असे थांबणारा हात मी एकच पाहिला आहे. त्या थांबण्यावरून मी तुला तुझ्या वयाच्या नवव्या वर्षापासून रागावत आले. कार्यक्रमप्रमुखाने तंबोऱ्यावर बसावे, हे कार्यालयीन शिस्तीत बसते की नाही ते मला ठाऊक नाही. विचारलेही नाही असे समज.

ते थांबणे मी नेहमी कानाने ऐकले होते, आणि ते मला ढिलाईचे वाटले होते. रविवारी ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले. खर्जाची तार छेडली गेल्यावर कितीतरी वेळ थरथरत राहते. तू तिचे पुरे होऊ देतेस आणि मग पुढे जातेस. तंबोरा असाच वाजवावा की नाही, यावर मी अजून विचार करीत आहे. तुझे चूक नव्हते, इतके आज लिहून ठेवते.

उरलेले तीन रविवार असेच व्हावेत. भुवयांचे त्या मुलाला सांग.

तुझ्या खोलीतला तंबोरा मी काल काढून पुसला. तारा नव्या चढवल्या आहेत, पण जुळवलेल्या नाहीत. ते मला आता जमायचे नाही, आणि इथे दुसऱ्या कोणाच्या कानावर माझा विश्वास नाही. तू जुळव. मी भोपळ्याला हात लावून बसेन. जुळत आला की तळहाताला कळते, हे मला या वर्षी समजले.

यायचे असेल तेव्हा ये, आधी कळवले नाहीस तरी चालेल. बेल दाबू नकोस, तिचा उपयोग नाही. दार मी लोटून ठेवत जाईन. आत आलीस की मी खिडकीकडे तोंड करून बसलेली असेन. दचकेन म्हणून समोर येण्याची वाट पाहू नकोस, मागूनच हाक मार. मोठ्याने नको, आणि तुझ्या त्या वरच्या आवाजात तर नकोच, तो आता माझ्यापर्यंत पोहोचत नाही. पट्टी खाली घे, आणखी खाली, खर्जाजवळ. तिथे मी अजून आहे. या खेपेस कितीही खाली उतरलीस, तरी टोकणार नाही.

आई